‘इम्प्लांट हलतोय’ : एका दाढेचं पूर्ण प्रकरण

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, ज्याच्यावर नंतर कॅप, म्हणजे कृत्रिम दात, बसवतात. तो करायचाय म्हणून येणाऱ्या पेशंटचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. दुखेल का, किती दिवस लागतील, आयुष्यभर टिकेल ना. यात चुकीचं काही नाही, पण ज्या प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून असतं तो क्वचितच कुणी विचारतं, की मुळात माझा दात गेला कशाने? खाली एकाच पेशंटचं प्रकरण पहिल्यापासून आत्तापर्यंत लिहितेय कारण त्यात जवळपास सगळंच येऊन गेलं, आधी थांबवणं, मग बसवणं, मग दोन वर्षांनी तो ‘हलायला’ लागणं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केलेत.

काका साठीच्या आसपासचे. खालची उजवीकडची पहिली दाढ चार वर्षांपूर्वी काढलेली, तेव्हापासून तिथे मोकळी जागा. मधुमेह बरीच वर्षं, गोळ्या चालू, सिगरेट दिवसाला सात-आठ. सगळं चावणं डाव्या बाजूने चाललेलं आणि आता डावीकडच्या दाढाही कुरकुर करायला लागल्या म्हणून शेवटी इम्प्लांट करायचं ठरवलं, आणि ठरवलं म्हटल्यावर लगेच हवा होता.

"मॅडम, एका दिवसात पक्के दात म्हणून जाहिरात येते मोबाईलवर. तुम्ही मात्र महिने सांगताय."

जाहिरात खोटी नसते, अर्धी असते. एका दिवसात दात देता येतात, पण कुणाला? जिथे हाड भक्कम आहे, स्क्रू बसवतानाच तो चांगला घट्ट पकडला गेलाय, बऱ्याचदा चार-सहा इम्प्लांट एकमेकांना जोडून त्यांच्यावर दातांची अख्खी रांग बसवली जाते किंवा मग समोरचा एखादा दात असतो ज्याच्यावर चावण्याचा जोर पडणार नाही. आणि त्या दिवशी जे मिळतं ते बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, कायमचं काही महिन्यांनी. एकट्या दाढेचं गणित वेगळं. दाढेवर सगळ्यात जास्त जोर येतो आणि तो वाटून घ्यायला शेजारी दुसरा इम्प्लांट नसतो.

असो. मी काकांना विचारलं, ती दाढ का काढली होती?

"किडली असेल. हलत होती, दुखत होती, काढून टाकली."

किडलेली दाढ दुखते, तुटते, पण शक्यतो हलत नाही. हलणारी दाढ म्हणजे तिच्याभोवतीचं हाड गेलेलं असतं, आणि हाड गेलं म्हणजे हिरड्यांचा आजार, ज्याला पायरिया म्हणतात तो. मग बाकीच्या दातांची तपासणी केली. हिरडी आणि दात यांच्यातली फट मोजायला खुणा असलेली एक बारीक सळई असते, प्रोब. निरोगी हिरडीत ती तीनेक मिलिमीटर जाते आणि रक्त येत नाही. काकांच्या मागच्या दातांपाशी पाच-सहा मिलिमीटर जात होती आणि जिथे टेकवू तिथून रक्त. म्हणजे ज्या आजाराने ती दाढ नेली तो आजार तोंडात मुक्कामालाच होता, त्याला फक्त खायला पुढची जागा हवी होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इम्प्लांट टायटॅनियमचा असतो, तो किडत नाही, बरोबर. पण तो ज्यात उभा असतो ते हाड आणि ती हिरडी तुमचीच असते. दातांभोवती जो आजार होतो त्याचाच भाऊ इम्प्लांटभोवती होतो. नुसती हिरडी सुजली तर त्याला म्युकोसायटिस म्हणतात, तो वेळेत साफ केला तर बरा होतो, पण तो आत उतरून हाड खायला लागला की त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात आणि तो आटोक्यात आणणं भलतंच अवघड. गेलेलं हाड पूर्ण परत आणता येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. आणि हा आजार होण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्यांना आधी पायरिया होता त्यांनाच. त्यात सिगरेट आणि न आटोक्यातली साखर. काकांकडे तिन्ही होतं.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीएवनसी, करून आणायला सांगितली. आकडा आला ९.२. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही हा गैरसमज आहे, होतो, व्यवस्थित होतो, पण साखर आटोक्यात असली तर. बहुतेक डॉक्टर साधारण ७ ते ८ च्या खाली आल्याशिवाय हात घालत नाहीत. ९.२ ला जखम सावकाश भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि हिरडीचा आजार उलटा साखर वाढवतो, म्हणजे दोघं एकमेकांना धरून.

तर आम्ही त्या दिवशी नाही म्हटलं. काका नाराज झाले. साहजिक आहे, माणूस मनाची तयारी करून आलेला असतो. पण मला विचाराल तर पहिल्याच भेटीत, तोंड न तपासता, एक साधा एक्स-रे बघून तारीख देणाऱ्या डॉक्टरपेक्षा थांबवणाऱ्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवावा.

औषधांची यादी, जी पेशंट अर्धीच सांगतात

काकांनी मधुमेहाच्या गोळ्या सांगितल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे हे मात्र त्यांच्या बोलण्यात तिसऱ्या भेटीत आलं, तेही सहज, कारण "ती हृदयाची आहे, दाताशी काय संबंध." संबंध आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एका इम्प्लांटच्या छोट्या जखमेतलं रक्त दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ती दाबून थांबत नाही. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवायचं. काकांची गोळी चालू ठेवूनच काम केलं.

दुसरी एक औषधांची जात आहे जी काकांना लागू नव्हती पण अनेकांना असते, विशेषतः बायकांना. हाडं ठिसूळ झाली म्हणून दिली जाणारी औषधं, ॲलेंड्रोनेटसारख्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, वर्षातून एकदा देतात ते झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन, सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅब. या औषधांवर असताना जबड्याच्या हाडाला जखम केली तर काही जणांमध्ये ती भरतच नाही, हाड उघडं पडून मरतं. ठिसूळपणासाठीच्या डोसला हा धोका कमी असतो, कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये दिलं जातं तेव्हा खूप जास्त, आणि तेव्हा इम्प्लांटचा विचार सहसा करत नाहीत. वर्षातून एकदाचं इंजेक्शन लोक औषधात धरतच नाहीत, फॉर्मवर "औषधे चालू नाहीत" लिहून मोकळे होतात. तसं करू नका, अगदी मागे कधी घेतलं असेल तरी सांगा.

इम्प्लांटच का

मधल्या काळात काकांनी विचारलं की इतकी कटकट असेल तर ब्रिज का नको. रास्त प्रश्न. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधल्या जागी बसवलेला पक्का दात, आणि त्यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन्ही दात घासून लहान करावे लागतात. काकांचा पुढचा दात अगदी धडधाकट होता, एक फिलिंगसुद्धा नाही, तो घासायला माझा हात धजला नसता. मागची दाढ चार वर्षांत मोकळ्या जागेकडे झुकली होती, वरची दाढ खाली उतरली होती, आणि त्या मागच्या दाढेच्या मुळांना आधीच पायरियाने आधार कमी. त्यावर ब्रिजचा भार टाकणं म्हणजे तीही गमावण्याची सोय. काढ-घाल करायची कवळी त्यांना नको होती. आणि काहीच न करणं हाही एक पर्याय असतो, तो मी नेहमी सांगते, एक दाढ नसली म्हणून माणूस उपाशी राहत नाही. पण काकांचं एका बाजूने चावणं चालू होतं आणि वरची दाढ अजून उतरली असती. म्हणून इम्प्लांट. शेजारचे दोन्ही दात आधीच मोठ्या फिलिंगचे किंवा कॅप घातलेले असते तर मी स्वतः ब्रिज सुचवला असता.

पुढचे चार महिने हिरड्यांवर गेले. आतून खोल सफाई, पुन्हा मोजणी, काही जागी पुन्हा सफाई, दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश कसा वापरायचा ते आरशासमोर करून घेतलं. त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषधं बदलली, आकडा ७.१ वर आला. सिगरेट पूर्ण सुटली नाही, खोटं कशाला सांगू, पण ऑपरेशनच्या आधीचे काही आठवडे आणि नंतरचे दोन-अडीच महिने बंद ठेवली. सिगरेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट फेल जाण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं, आणि आकड्यांपेक्षा मला तरी हे जास्त पटतं की धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, त्यामुळे आजार असूनही रक्त येत नाही आणि पेशंटला वाटतं सगळं ठीक आहे.

सीबीसीटीमध्ये काय दिसलं

नेहमीचा अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, ओपीजी, त्यात उंची अंदाजे कळते पण हाडाची जाडी कळत नाही, कारण तो सपाट फोटो आहे. सीबीसीटी हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. खालच्या जबड्यात मागे एक नस असते, ती हाडातल्या बोगद्यातून येते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना देते. ड्रिल तिला लागला तर ओठ बधिर राहू शकतो, महिनोन् महिने, कधी कायमचा. म्हणून इम्प्लांटचं टोक आणि नसेचा बोगदा यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवायचा नियम आहे. काकांच्या बाबतीत नसेच्या वर १४ मिलिमीटर हाड होतं. १० मिलिमीटरचा इम्प्लांट आरामात.

अडचण जाडीची होती. दात काढला की हाड आक्रसतं, पहिल्या वर्षात रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. काकांनी चार वर्षं घालवलेली. गालाच्या बाजूने हाड पातळ झालं होतं, त्यामुळे तिथे थोडं बोन ग्राफ्ट, म्हणजे वरून हाडाची भर, लागणार होतं. वरच्या जबड्यात मागे असतं तर नसेऐवजी सायनसची पोकळी आड आली असती, तिथे त्या पोकळीचा तळ वर उचलून खाली हाड भरायचा, सायनस लिफ्ट नावाचा वेगळाच प्रकार करावा लागतो.

ग्राफ्ट म्हटलं की पेशंट मान डोलावतात आणि पुढे जातात. थांबा आणि विचारा, ते कशापासून बनलंय. तुमचंच हाड असू शकतं, दान केलेलं मानवी हाड असू शकतं, प्राण्याचं, बहुतेक करून गाईबैलाचं, प्रक्रिया केलेलं असू शकतं, किंवा पूर्ण कृत्रिम. चारही वापरात आहेत, प्रत्येकाचे फायदेतोटे आहेत. पण तुमच्या तोंडात काय जातंय हे तुम्हाला आधी कळायला हवं, नंतर कळून मन खाण्यापेक्षा. काकांना प्राण्याचं नको होतं. ड्रिल करताना निघालेला त्यांचाच हाडाचा चुरा आणि त्यात थोडं कृत्रिम असं ठरलं, आणि तसं संमतीपत्रावर लिहिलं.

प्रत्यक्ष काम

याच्याबद्दल लोकांना सगळ्यात जास्त भीती आणि सांगण्यासारखं सगळ्यात कमी. जागा बधिर केली, हिरडी उघडली, बारीक ड्रिलपासून सुरू करून क्रमाक्रमाने भोक रुंद केलं, सतत गार सलाइनची धार सोडत. ती धार महत्त्वाची, कारण हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर जरी राहिलं तरी ते मरायला लागतं, आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट धरत नाही. मग स्क्रू हळूहळू फिरवत आत, टॉर्क, म्हणजे फिरवायला लागलेला जोर, ३५ न्यूटन सेंटिमीटर, म्हणजे पकड चांगली. ग्राफ्ट, वर झाकण, टाके. दुखलं नाही, फक्त धक्के आणि घरघर जाणवली असं काका म्हणाले. दात काढताना जास्त त्रास झाला होता, असंही.

संध्याकाळी फोन करून मी एकच विचारलं, ओठ पूर्ण जागा झाला का? इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो. तो उतरला नाही, ओठाला मुंग्या येतायत किंवा स्पर्शच कळत नाही असं असेल तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही, लगेच कळवायचं. नसेवर दाब असेल तर इम्प्लांट पहिल्या दिवसा-दीड दिवसात मागे घेण्याने फरक पडतो, महिनाभराने कळवून फारसा नाही. काकांचा ओठ ठीक होता. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढली, आणि ती तेव्हाच सर्वात जास्त असते हे आधी सांगितलेलं असल्यामुळे ते घाबरले नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सूज किंवा दुखणं नव्याने वाढायला लागलं तर मात्र घाबरायचं, म्हणजे दाखवायला यायचं.

मग वाट बघणं. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना थेट चिकटतात हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना लक्षात आलं, हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर सुटेचना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला दातांचे इम्प्लांट बसवले. या चिकटण्याला वेळ लागतो, खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात हाड भुसभुशीत म्हणून चार ते सहा, ग्राफ्ट असेल तर आणखी. आणि यात एक फसवी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो निव्वळ स्क्रूच्या पकडीमुळे. नंतर त्याच्याभोवतीचं जुनं हाड विरघळून नवीन तयार व्हायला लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड सैल झालेली असते, नवी पुरती आलेली नसते. नेमकं तेव्हाच दुखायचं थांबलेलं असतं आणि पेशंटला वाटतं झालं सगळं बरं, चावायला हरकत नाही. काकांना मी हे कागदावर लिहून दिलं होतं, त्या बाजूने चावायचं नाही म्हणजे नाही, दुखत नसलं तरी.

साडेचार महिन्यांनी कॅप. कॅप बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक सिमेंटने चिकटवायची, दुसरी वरून स्क्रूने घट्ट करायची आणि ते भोक दाताच्या रंगाच्या फिलिंगने बुजवायचं. सिमेंटची दिसायला छान, वर भोक नाही, पण जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलं तर तिथेच इम्प्लांटभोवतीचा आजार सुरू होतो, आणि पुढे कॅप काढायची वेळ आली तर कापावी लागू शकते. काकांसारख्या पायरियावाल्या माणसाला मी स्क्रूचीच देते. समोरच्या दातांत स्क्रूचं भोक नेमकं दर्शनी बाजूला येणार असेल तर सिमेंट वापरावं लागतं, तो भाग वेगळा.

कॅप चावताना किंचित कमी टेकेल अशी ठेवली. खऱ्या दाताभोवती पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, तो गाडीच्या शॉकअपचं काम करतो आणि खडा लागला तर झटक्यात सांगतोही. इम्प्लांटला तो थर नाही. तो हाडाला थेट जखडलेला असतो, त्यामुळे दाबाची जाणीवही कमी. ‘माझ्याच दातासारखं वाटेल’ हे बऱ्याच अंशी खरं, पूर्ण खरं नाही.

त्याच दिवशी एक एक्स-रे काढला, पुढे तुलना करायला. आणि एक कार्ड दिलं, इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर, तारीख. काकांनी ते पाकिटात ठेवलं.

दोन वर्षांनी

पहिलं वर्ष ते तपासणीला नियमित आले. मग नातवंडं, प्रवास, हे ते, खाडा पडला. आणि एक दिवस फोन, "मॅडम, इम्प्लांट हलतोय. गेला वाटतं."

खरंच अख्खा इम्प्लांट हलत असेल तर तो गेलाच, हाडाशी जोड तुटलाय, काढण्याशिवाय इलाज नाही. पण पेशंट जेव्हा म्हणतो हलतोय तेव्हा बऱ्याचदा हलत असते ती वरची कॅप. इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा आतला बारीक स्क्रू सैल होतो. यात बिघडलेलं फार काही नसतं, पण तसंच चावत राहिलं तर तो स्क्रू आत तुटतो आणि मग खरी पंचाईत. म्हणून हलतंय असं वाटलं की त्या बाजूने चावणं बंद आणि दोन-चार दिवसांत दाखवणं.

काकांची कॅप बोटाने दाबली की टिक-टिक आवाज येत होता, थोडी फिरतही होती. एक्स-रेत हाडाची पातळी पहिल्या एक्स-रेशी ताडून बघितली, जवळपास तिथेच. त्या पहिल्या एक्स-रेशिवाय हे सांगता आलं नसतं. मग वरचं फिलिंग उकरलं, खाली टेफ्लॉनची पांढरी पट्टी भरलेली असते स्क्रूच्या डोक्याचं रक्षण करायला, ती चिमट्याने ओढून काढली. बाहेर आली ती पिवळट, वास मारणारी. कॅप निघाली. आतल्या स्क्रूचे आटे एका बाजूने घासलेले दिसत होते, म्हणून तो परत न वापरता त्याच कंपनीचा नवा मागवला. इथे ते पाकिटातलं कार्ड कामाला आलं. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याचा पाना वेगळा, आणि कार्ड नसलेले, डॉक्टर बदललेले पेशंट येतात तेव्हा एक्स-रेवरून कंपनी ओळखायचा जो खटाटोप होतो तो विचारू नका. नवा स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या पान्याने कंपनीने सांगितलेल्या आकड्याला घट्ट केला, दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा, कारण पहिल्यांदा घट्ट केल्यावर तो किंचित बसतो.

पण स्क्रू सैल का झाला? बाकीच्या दातांवर चकाकणारे सपाट डाग होते. झोपेत दात खाण्याची सवय. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, रात्री कटकट आवाज येतो, मी कधीची सांगतेय यांना." रात्री दातांवर घालून झोपायचं कव्हर, नाइट गार्ड, करून दिलं.

दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, विचारल्यावर सांगितली, की गेलं सहा-आठ महिने इम्प्लांटच्या पुढच्या फटीत घास अडकतो. कॅप बसवली तेव्हा पुढच्या दाताशी ती घट्ट टेकलेली होती, धागा जेमतेम जायचा. खरे दात आयुष्यभर अगदी थोडे थोडे पुढे सरकत असतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, त्यामुळे काही वर्षांत त्याच्या पुढच्या बाजूला फट पडू शकते. यात कुणाचा दोष नाही, फार पेशंटमध्ये होतं, पण दुर्लक्ष केलं तर अडकलेल्या अन्नाने हिरडी सुजते. काकांची सुजलेली होतीच, प्रोब पाच मिलिमीटर आणि रक्त, पू नाही, हाड शाबूत. म्हणजे म्युकोसायटिस, जिथून अजून परत फिरता येतं असा टप्पा. कॅप निघालेलीच होती तर लॅबकडून तिच्या पुढच्या बाजूला थोडं सिरॅमिक वाढवून फट बंद करून घेतली, इम्प्लांटभोवती सफाई केली, फटीतल्या ब्रशचा आकार बदलून दिला. कॅप सिमेंटची असती तर हे सगळं इतक्या सहज झालं नसतं.

इम्प्लांटचे आकडे लोक वाचतात, दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास तोंडात असतात, आणि ते खरे आहेत. पण त्या हिशोबात काकांचा सुजलेला, वास येणारा, टिक-टिक करणारा इम्प्लांटही ‘टिकलेला’ म्हणूनच धरला गेला असता. हिरडीतून रक्त, वास, चव बदलणं, घास अडकणं, कॅप फिरणं, यातलं काहीही दुखत नाही. इम्प्लांटला नसच नसते, दुखायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून दुखेल तेव्हा दाखवू हा हिशोब इथे चालत नाही.

तीन महिन्यांनी मोजणी केली, प्रोब तीन, रक्त नाही. आता काका दर चार महिन्यांनी येतात, वर्षातून एकदा एक्स-रे. सिगरेट दिवसाला दोनवर आहे, त्यावर आमचा वाद चालू आहे.

गेल्या खेपेला त्यांनी वरच्या डाव्या दाढेकडे बोट दाखवलं. ती थोडी हलते, पायरियाने तिचं निम्मं हाड गेलंय. "हीसुद्धा काढून इम्प्लांटच टाकून द्या ना, एकदाचं मिटेल." नाही म्हटलं. दोन वर्षांत तिथलं हाड अजून कमी झालेलं नाही, ती चावताना दुखत नाही, साफ ठेवता येते. वरच्या जबड्यात तिथे सायनस खाली उतरलेला, म्हणजे सायनस लिफ्ट, आणखी सहा-आठ महिने, आणि एवढं करून तिथे जे येईल त्यालाही तोच आजार होण्याची शक्यता. त्यापेक्षा तिचं चावणं थोडं घासून हलकं केलं, शेजारच्या दाढेशी आतून बारीक तारेने बांधली, आणि पुढच्या चार महिन्यांची तारीख दिली.